नागपूरच्या उन्हात टिकेल अशी साधी, उंची बैठक कशी सजवावी?

सावली_प्रतापनगर

नमस्कार मंडळी. प्रतापनगरातल्या आमच्या जुन्या घराचं काम काढलंय. खालचा हॉल 13 बाय 19 फूट आहे, स्लॅबची उंची साडेदहा फूट. एक मोठी खिडकी पश्चिमेला, दोन छोट्या उत्तरेला. फरशी जुन्या मोझॅकची, राखाडी-पांढरी, अजून एकही तडा नाही. वर पहिला मजला आहे.

मनात आहे ती सिव्हिल लाइन्सच्या जुन्या बंगल्यांत असते तशी बैठक. उंच दारं, मोजकं फर्निचर, भिंती पांढऱ्याच्या जवळच्या, सागवानाच्या दोन-तीन भक्कम वस्तू, आणि डोळ्यांत भरण्याचा आटापिटा कुठेच नाही. इंटिरियरवाल्यांनी थ्रीडी करून दिलं त्यात दोन पातळ्यांचं फॉल्स सीलिंग, संगमरवराच्या नक्षीचं लॅमिनेट, सोनेरी पट्ट्या आणि टीव्हीमागे काळे चारकोल पॅनेल आहेत. चित्र देखणं आहे, पण त्यात आमचं घर दिसत नाही.

घरात सासू-सासरे, दोन मुलं, आणि महालक्ष्म्यांना घर भरून पाहुणे. आजेसासऱ्यांची पितळी कड्यांची सागवानी बंगई (झोपाळा) माळ्यावर आहे, एक मोठं घंगाळ आहे, आणि तान्ह्या पोळ्याचा हातभर उंचीचा लाकडी नंदी आहे. या तिन्ही वस्तू मला हॉलमध्ये हव्यात. खर्च एकदाच करायचाय आणि मग वीस वर्षं त्याकडे पाहायचं नाही. पैसा कुठे लावावा, कुठे अजिबात लावू नये?

सागगाभा

ताई, सगळ्यात आधी एक: मोझॅक काढू नका. डायमंड पॅडने घासून पॉलिश करून घ्या. नव्या फरशीच्या मानाने खर्च किरकोळ, आणि असं मोझॅक घालणारे हात आता सहज मिळत नाहीत. क्लासिक बैठकीची अर्धी जमीन तुमच्याकडे तयार आहे.

आता लाकूड. आमचं तीन पिढ्यांचं सुतारकाम आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीचा साग देशभर ‘सीपी टीक’ (सीपी म्हणजे जुना सेंट्रल प्रॉव्हिन्सेस) म्हणून मागतात. नव्या संसद भवनाचं सागवान नागपूरहून गेलं, अयोध्येच्या राम मंदिराच्या दारांसाठी 2023 मध्ये बल्लारपूरच्या वनविकास महामंडळाच्या डेपोतून गेलं. ते लाकूड आपल्याला लकडगंजाच्या लाकूडबाजारात हात लावून, उलटून पालटून निवडता येतं. मग लॅमिनेटवर छापलेल्या लाकडाला पैसे का द्यायचे?

निवडताना कापलेलं टोक पाहा. मधला गाभा सोनेरी-तपकिरी, त्यात काळसर रेघा, हात फिरवला की किंचित तेलकट लागतो. कडेचा फिकट पांढरट भाग वाळवीला आणि भुंग्याला पहिला बळी पडतो. दुकानदार म्हणेल ‘पॉलिशमध्ये दिसणार नाही’. दिसणार नाही हे खरं, पण टिकणारही नाही. पायात, चौकटीत, जिथे भार येतो तिथे पांढरा भाग घेऊच नका.

दुसरी गोष्ट आपल्या हवेची. मे महिन्यात दुपारी आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास जाते, ऑगस्टमध्ये 80 च्या वर. लाकूड तेवढं आकसतं आणि तेवढंच फुगतं. म्हणून दाराचं किंवा आलमारीचं पॅनेल चौकटीच्या खाचेत सुटं बसवायचं, डिंकाने चिकटवायचं नाही. चिकटवलं की पहिल्याच उन्हाळ्यात मधोमध चीर पडते. मिस्त्रीला हे काम सुरू होण्याआधी सांगा, आणि लाकूड घेताना मॉइश्चर मीटर लावायला लावा. 12 टक्क्यांच्या आत असलं तरच कापायचं.

पॉलिश मॅट ठेवा. आरशासारखं चकचकीत पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश केलं की चांगलं सागवानसुद्धा प्लास्टिक वाटायला लागतं.

काटकोन

सागगाभा भाऊंशी सहमत. मी वास्तुविशारद आहे, तेव्हा मी भिंती आणि छताबद्दल लिहिते.

सावली, थ्रीडीतून पहिल्यांदा काय काढायचं तर ते फॉल्स सीलिंग. साडेदहा फूट उंची आजच्या फ्लॅटवाल्यांना कितीही पैसे दिले तरी मिळत नाही आणि तुम्ही त्यातला फूटभर जिप्समखाली झाकणार? सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यांत जे भारदस्त वाटतं ते मुख्यतः त्या उंचीमुळे. छत सपाट ठेवा, आणि भिंत-छत जिथे मिळतात तिथे चार इंचांची साधी पीओपी कॉर्निस फिरवा. फुलं-पानं नकोत, दोन सरळ रेघा आणि एक गोलाई पुरे.

कधी हायकोर्टाच्या इमारतीसमोर पाच मिनिटं उभ्या राहा. नवी दिल्ली उभारणाऱ्या चमूतल्या हेन्री मेड यांनी ती केली, 1940 मध्ये ती खुली झाली. नक्षी फार कमी आहे. सगळा दिमाख प्रमाणातून येतो. खिडकीची उंची तिच्या रुंदीशी कशी जुळते, दोन खिडक्यांमधली भिंत किती, मधल्या अक्षाच्या दोन्ही बाजूंना काय. घरातही नेमकं हेच चालतं. सोफा, त्यामागची भिंत आणि समोरची खिडकी एका रेषेत आणा, म्हणजे निम्मं इंटिरियर तिथेच झालं.

भिंतीवर मोल्डिंगच्या चौकटी हव्या असतील तर खालची पट्टी जमिनीपासून तीन फुटांच्या आत, स्कर्टिंग पाच-सहा इंच. मात्र चौकटी आखण्याआधी स्विचबोर्ड, एसीचा पॉइंट, टीव्हीची वायर हे सगळं कागदावर पक्कं करा. सुंदर चौकट आखायची आणि तिच्या रेषेवर आठ बटणांचा बोर्ड यायचा, हे मी फार घरांत पाहते आणि दर वेळी जीव हळहळतो. मोल्डिंग एमडीएफचं नको. कूलरच्या दमट हवेने ते कडेला फुगतं.

आणि आपली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पाया उथळ असेल तर भिंतीवर तिरके तडे येतात. जुन्या घराच्या तड्यांवर नुसती पुट्टी मारू नका. तडा उकरून, भरून, वर फायबरची जाळी लावून मगच रंग. तडा दर पावसाळ्यात वाढत असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, सजावटीचं नंतर पाहू.

वाळ्याची_ताटी

एक विचारतो. हॉलमध्ये एसी की कूलर? यावर बरंच काही ठरेल.

सावली_प्रतापनगर

दोन्ही. बाबांना एसी सोसत नाही, त्यामुळे दिवसा डेझर्ट कूलर उत्तरेच्या खिडकीत. रात्री आणि पाहुणे आले की एसी.

वाळ्याची_ताटी

मग लेदरचा सोफा आणि खिडकीजवळ मखमल, दोन्ही विसरा. कूलरचा दमटपणा आणि पावसाळा मिळून लेदरवर बुरशी धरते. कूलर चालू असताना समोरची एक खिडकी किंवा दार किलकिलं ठेवायचं, म्हणजे ओल घरात साचत नाही. लाकडालाही तेच बरं.

पश्चिमेच्या खिडकीचं ऊन काचेच्या बाहेरच अडवा. नागपुरात 23 मे 2013 ला पारा 47.9 वर गेला होता. अशा उन्हात काचेतून एकदा आत आलेली उष्णता पडदा अडवत नाही, ती खोलीतच राहते. बाहेर खोल छज्जा, नाहीतर बांबूची चिक किंवा वाळ्याची ताटी. चिक आतून पाहिली तरी छान दिसते, बारीक रेषांचा उजेड येतो. जुन्या बंगल्यांना लांब व्हरांडे उगीच नव्हते.

पंखा लपवायच्या भानगडीत पडू नका. 19 फूट लांबीला 1200 मिलिमीटरचे दोन पंखे, पाती जमिनीपासून आठ-नऊ फुटांवर. साधे तपकिरी किंवा हस्तिदंती रंगाचे, बीएलडीसी मोटरचे घ्या. जुना पंखा साधारण 75 वॉट खातो, हा 30 च्या आसपास. आपल्याकडे पंखा वर्षातले बरेच महिने थांबत नाही, त्यामुळे फरक बिलात दिसतो.

कोसावाली

सावलीताई, मी भंडाऱ्याची, लग्नानंतर नागपूरची. कापडाबद्दल माझं ऐका.

उंची बैठकीसाठी लोक बाहेरून जॅकार्ड मागवतात, आणि आपल्या दारात कोसा, म्हणजे टसर रेशीम, विणला जातो. मोहाडी, आंधळगाव, पवनी भागात अजून हातमाग चालतात. कोशाचा नैसर्गिक मधाळ रंग कुठल्याही डायने आणता येत नाही, कारण तो ऐन आणि अर्जुनाची पानं खाऊन वाढलेल्या किड्याचा आहे. सूत एकसारखं नसतं, मधे मधे जाड होतं. उजेड तिरका पडला की ती जाडी-बारीकी कापडावर उमटते. त्या एका गोष्टीसाठी मी कोसा घेते. सोनेरी पट्टीने जे साधायचं असतं ते हे कापड काही न बोलता साधतं.

पण जागा नीट निवडा. रेशीम कडक उन्हात झिजतं आणि विटतं, तेव्हा पश्चिमेच्या खिडकीला कोसा नको. तिथे जाड सुती किंवा लिननचा पडदा, मागे अस्तर. कोशाच्या उशा करा, चार किंवा सहा. करवती काठाचं जुनं पातळ घरात असेल आणि जीर्ण झालं असेल तर त्याचा काठ फ्रेम करा. तो करवतीच्या दातांसारखा काठ आपल्या विदर्भाचा आहे, त्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय.

पडद्यात कंजुषी नको. खिडकीच्या रुंदीच्या दोन ते अडीच पट कापड घ्या, रॉड चौकटीच्या वर सहा इंच तरी आणि दोन्ही बाजूंना तेवढाच बाहेर, आणि पडदा जमिनीला जेमतेम टेकेल इतका लांब. स्वस्त कापड भरपूर घेतलेलं चालतं. महाग कापड तोकडं शिवलेलं मात्र लगेच कळतं. गांधीबागेत ठोकमध्ये सुती कापड बघा, मग शोरूममध्ये जा.

सोफ्याला साध्या विणीचं लिनन-कॉटन, खाकी-हस्तिदंती. खोळी चेन लावून सुट्या शिवा, मुलं आहेत. बसायच्या गादीला 40 डेन्सिटीचा फोम, पाठीला त्याहून मऊ.

शुभ्र_मार्बल

मी थोडं वेगळं मत मांडतो. सगळे साधेपणाबद्दल बोलताहेत, पण क्लासिक म्हटलं की थोडी चमक लागतेच. घरात पाऊल ठेवल्यावर पाहुण्याला काहीतरी जाणवायला हवं. आमच्याकडे इटालियन मार्बल आहे आणि आम्हाला त्याचा फार आनंद आहे. मोझॅक ठेवलं तर खोली जुनाट वाटेल. आणि स्पष्ट बोलतो, बंगई हॉलमध्ये ठेवली की सगळी सिमेट्री जाते.

काटकोन

चमकेला माझा विरोध नाही, पण ती एका ठिकाणी असावी आणि खरी असावी. तुम्ही खरा दगड घातलाय, म्हणून तो शोभतो. सावलीच्या थ्रीडीत संगमरवराचं चित्र आहे.

तरी रोजच्या वापराचं सांगायला हवं. मार्बल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. लिंबू सांडलं, ताक सांडलं, की तिथली पॉलिश खाल्ली जाते आणि मंद डाग राहतो. हळद तर मुरतेच. महालक्ष्म्यांच्या पंगतीला पन्नास माणसं त्यावर बसणार असतील तर जीव टांगणीला. मकराण्याचा पांढरा दगड जास्त घट्ट असतो, पाणी कमी पितो. हौस असेल तर सेंटर टेबलच्या वरच्या पाटीला तो लावा. टेबलची उंची 16 ते 18 इंच, सोफ्यापासून अंतर दीड फुटाच्या आत.

सागगाभा

बंगईबद्दल मी गप्प बसू शकत नाही. विदर्भातल्या घरात बंगई हीच बैठक असते. दुपारचं जेवण झाल्यावर बाबा तिथेच बसणार आहेत, पेपर तिथेच वाचणार आहेत. ज्या खोलीत घरचं माणूस बसत नाही ती खोली कितीही महाग असो, शोरूमच.

सिमेट्रीचं म्हणाल तर 19 फुटांचे दोन भाग करा. पश्चिमेकडचे 12 फूट सोफ्याची बैठक, उरलेले सात फूट उत्तरेच्या खिडक्यांच्या बाजूला बंगईचे. बंगई भिंतीच्या मध्यावर टांगली की तीसुद्धा अक्षावर येते. पुढे-मागे अडीच-तीन फूट मोकळे ठेवा. कड्या स्लॅबमध्ये नुसतं भोक पाडून फास्टनरवर टांगू नका. बंगईचा भार हलता असतो. बीममधून आरपार सळई घेऊन वर प्लेट बसवा, आणि इंजिनिअरला विचारूनच.

जुन्या बंगईवर रंगाचे थर असतील तर मशीनने घासू नका. रिमूव्हर लावून, पत्र्याच्या पट्टीने हळूहळू काढा. मग दाणेदार लाखेचं पॉलिश, स्पिरिटमध्ये विरघळवून, सुती कापडाच्या बोळ्याने, पातळ हातांनी. एक थर वाळला की दुसरा. सागवानाचा रंग त्याखालून जसा येतो तसा कुठल्याच स्प्रेने येत नाही. फक्त लाखेवर गरम चहाचा कप ठेवला की पांढरी कडी उमटते, म्हणून टेबलाला लाख नको, बंगईला चालेल.

शुभ्र_मार्बल

भाऊ, अक्षावर बंगई हे डोळ्यांसमोर आलं. हे पटलं. मोझॅकबद्दलचं माझं मत मात्र तसंच आहे.

मंद_दिवा

दिव्यांबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. उंची बैठक आणि छतभर डाउनलाइट यांचं जमत नाही. वरून सगळीकडे सारखा उजेड पडला की लाकडाची नस, कोशाची वीण, भिंतीची चौकट, सगळं सपाट होतं. सावली पडली तरच वस्तूला खोली येते.

2700 ते 3000 केल्विनचे पिवळसर दिवे घ्या. खोक्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) लिहिलेला असतो, तो 90 च्या वर पाहा. कमी असला की सागवान राखाडी दिसतं आणि माणसांचे चेहरे मलूल. सोफ्याच्या दोन्ही बाजूंना एकसारखे दोन टेबल लॅम्प, सुती शेडचे. भिंतीवर दोन ब्रॅकेट. एक उभा दिवा बंगईशेजारी, वाचायला. वर मध्ये एकच साधा पितळी दिवा, डिमरवर. सासू-सासऱ्यांना वाचायला, साफसफाईला पुरेसा उजेड लागतो, म्हणून कॉर्निसच्या आड एक वेगळं सर्किट ठेवा. त्याचं बटण वेगळं, रोज लावायची गरज नाही.

लॅम्पसाठी वेगळं शोधू नका. भंडाऱ्याच्या पितळकामाची पितळी समई, तांब्या किंवा छोटी कळशी घ्या आणि लॅम्पचा खांब म्हणून वायरिंग करून घ्या. इतवारीत भांड्यांच्या दुकानांत वजनावर मिळतं. हातात घेतलं की वजन कळतं, आणि वजन कळलं की सोनेरी मुलाम्याच्या हँडलांकडे बघवत नाही. दारांच्या मुठीसुद्धा भरीव पितळेच्या घ्या. रोज हात लागतो ती वस्तू सगळ्यात चांगली असावी.

सावली_प्रतापनगर

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. बाबांना वाचून दाखवलं. बंगईचं ऐकून ते स्वतःच मिस्त्रीला फोन लावायला निघाले होते.

ठरलं ते असं: फॉल्स सीलिंग रद्द, मोझॅक राहणार, बंगई उत्तरेला. दोन गोष्टी अजून अडल्यात. भिंतींवर काय लावू? आणि नंदी, घंगाळ कुठे ठेवू? मुलगा म्हणतो काचेच्या आलमारीत, मला ते पटत नाही.

काटकोन

नंदी आलमारीत नको, बरोबर म्हणतेस. तान्ह्या पोळ्याला तो बाहेर निघणार, मुलं त्याची दोरी ओढणार. सोफ्यासमोरच्या भिंतीला एक लांब, अरुंद सागवानी कन्सोल कर, दीड फूट खोल. त्यावर नंदी एकटा. शेजारी फोटोफ्रेम, फुलदाणी, ट्रॉफी काही नाही. भोवती मोकळी जागा असली की ती वस्तू महत्त्वाची आहे हे बघणाऱ्याला आपोआप कळतं. टीव्ही याच भिंतीवर येणार असेल तर मला विचारशील तर तो वरच्या मजल्यावर ने.

घंगाळ दाराशी जमिनीवर. पाणी आणि फुलं सणाला, एरवी रिकामं. लॅकर मारू नका, चिंचेने घासत राहा.

भिंतीसाठी घाई करू नका. दोन मोठी चित्रं बारा छोट्यांपेक्षा बरी. आपल्या शहराला चित्रकलेची परंपरा आहे. सैयद हैदर रझा 1939 ते 1943 इथल्या नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. शासकीय चित्रकला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचं काम बघायला जा, चिटणवीस सेंटरला प्रदर्शनं लागतात तिथे जा. हिवाळ्यात दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या क्राफ्ट मेळ्यात गोंड चित्रकार आणि ढोकरा धातुकामाचे कारागीर स्वतः येतात, त्यांच्याशी बोलून त्यांच्याच हातून घे. हे गोंड राजांनी वसवलेलं शहर आहे, बैठकीत एक गोंड चित्र असायलाच हवं असं मला मनापासून वाटतं. टांगताना चित्राचा मध्य जमिनीपासून 58 ते 60 इंचांवर. आपल्याकडे सगळे फार उंच टांगतात.

कोसावाली

गालिचा राहिला. भदोही-मिर्झापूरकडचा हाताने गाठ मारलेला, लोकरीचा, 8 बाय 10. सोफ्याचे पुढचे पाय त्यावर यायला हवेत, नाहीतर गालिचा मधे तरंगतो. एप्रिल ते जून गुंडाळून ठेवायचा, कडुलिंबाची वाळलेली पानं घालून, आणि मोझॅक उघडं. उन्हाळ्यात अनवाणी पायाला तेच हवं असतं. आधी मशीनचा घेऊ, नंतर बदलू असं करू नका. पैसे कमी असतील तर वर्षभर गालिच्याशिवाय राहा.

सावली_प्रतापनगर

शेवटचं विचारते. काम कुठल्या क्रमाने करू? मिस्त्री म्हणतात पावसाळ्यात सुरू करू, तेव्हा ते मोकळे असतात.

सागगाभा

तडे आणि वायरिंग आता लगेच. बंगईसाठी बीममधली सळई त्याच वेळी. मग कॉर्निस आणि मोल्डिंग. फरशीची घासाई रंगाच्या आधी, कारण सगळीकडे चिखल उडतो, आणि घासाई झाली की वर पीओपीची पोती अंथरून ठेवा.

पावसाळ्यात लाकूड कापायला हरकत नाही, पण पॉलिश पावसाळ्यात करू देऊ नका. दमट हवेत लाखेवर आणि मेलामाइनवर पांढुरकी झाक येते. लाकूड आत्ता घेऊन घरातच आडवं रचून ठेवा, मधे पट्ट्या घालून, म्हणजे हवा खेळेल. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की जोडकाम आणि पॉलिश. दिवाळीला बैठक तयार होणार नाही, संक्रांतीला होईल. मिस्त्री दिवाळीचा शब्द देत असेल तर घेऊ नका.

लकडगंजात जायचं ठरलं की इथे कळवा, मी रविवारी सकाळी मोकळा असतो. बाबांनाही आणा.